सुटी एकट्याने घेता येते का?

मराठवाड्यातल्या आमच्या आजोबांच्या पिढीला सुटी हा शब्द फारसा ठाऊक नव्हता. ते 'तातील' म्हणत. निजामाच्या राज्यात कचेऱ्यांची आणि शाळांची आठवड्याची तातील शुक्रवारी, म्हणजे जुम्म्याला असे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानातली निजामी राजवट संपली आणि पुढे आमची तातील शुक्रवारवरून रविवारवर आली. आजोबा गमतीने म्हणत, "आधी शुक्रवारी कटाळा यायचा, मंग रविवारी यायला लागला." गंमत सोडली तरी एका पिढीने आपल्या विसाव्याचा वारच बदललेला पाहिला, ही साधी गोष्ट नाही. विश्रांतीचा दिवस सूर्योदयासारखा आपोआप उगवत नाही. तो कोणीतरी ठरवतो आणि कोणीतरी मिळवतो.

मुंबईतल्या गिरण्यांत तो नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळवला. १८८४ साली त्यांनी कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. त्यात रविवारची सुटी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्या होत्या. गिरणीमालकांनी रविवार मान्य केला तो १० जून १८९० रोजी. मधली सहा वर्षे वाचकांनी लक्षात ठेवावीत. रविवार हा खंडोबाचा वार, असाही युक्तिवाद लोखंड्यांनी केल्याचे सांगितले जाते. तो खरा असेल तर फार हुशारीचा म्हणावा लागेल. एकेका मजुराला आपापल्या सोयीचा वार मागून काही मिळाले नसते. सर्वांना आधीच माहीत असलेला, देवाच्या नावाचा वार मागितला म्हणून तो टिकला.

हे सगळे आठवण्याचे कारण असे. अलीकडे वर्तमानपत्राची पुरवणी उघडली की मानसिक आरोग्यासाठी 'स्वतःसाठी वेळ काढा' हा सल्ला हमखास असतो. सल्ला चुकीचा नाही. पण विश्रांती ज्याच्या त्याच्या खिशात पडून आहे, हात घातला की निघेल, असे त्यात गृहीत धरलेले असते. मी मानसशास्त्र शिकलेलो नाही. नांदेडच्या मोंढ्यात अडत दुकानावर सत्तावीस वर्षे मुनीमकी केली आणि वाचन जे झाले ते वाचनालयात बसून. तरीही माझ्या मुलखात माणसे खरोखर केव्हा थांबत होती आणि कशामुळे थांबू शकत होती, हे गेली काही वर्षे मी शोधतो आहे. हाती जे लागले ते त्या सल्ल्यापेक्षा बरेच निराळे आहे.

माझ्या लक्षात पहिल्यांदा आली ती अमावास्या. आपल्याकडे अमावास्या अशुभ म्हणून बदनाम आहे. पण शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर ती विसाव्याची तिथी होती. अनेक गावांत अमावास्येला औत धरत नसत, बैल जुंपत नसत. पोळा श्रावणी अमावास्येला. त्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते, जुवाने रगडलेल्या बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळले जाते आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचे नाही, हा नियम. दिवाळीचे लक्ष्मीपूजन अश्विन अमावास्येला. आणि आमच्या भागातली वेळ अमावास्या, जिला लोक 'येळवस' म्हणतात, ती मार्गशीर्षात. बाजारपेठाही त्यात सामील होत्या. नाशिक जिल्ह्यात लासलगावसारख्या बाजार समित्यांत अमावास्येला लिलाव बंद ठेवण्याची जुनी प्रथा होती. मी ज्या अडतीवर होतो तिथेही अमावास्येला काटा लागत नसे.

तिथल्या एका वयस्क हमालाला मी विचारले होते, रविवार आणि अमावास्या, दोन्ही दिवस मोंढा बंदच, मग तुम्हाला अमावास्याच का आवडते? तो म्हणाला, "मुनीमजी, रविवारी मोंढा बंद ऱ्हातो, पन गाव चालूच ऱ्हाते. कोनी ना कोनी बलावतंच, एवढी पोती उतरून जा म्हनून. अमावस्येला कोनी बलावत नाही." हे वाक्य मी त्या वेळी रोजमेळाच्या मागच्या पानावर लिहून ठेवले. विश्रांतीवर पुढे जे काही वाचले, त्यातले निम्मे या वाक्यात आधीच आले होते.

आता येळवशीकडे येतो. हा सण लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत आणि नांदेडच्या लोहा, कंधार, मुखेड या लातूरला लागून असलेल्या पट्ट्यात होतो. सीमेपलीकडे बिदर, कलबुर्गी भागातही तो आहे. येळवस या नावाचे नाते कन्नडमधल्या 'एळ्ळ अमावास्ये'शी, म्हणजे तिळाच्या अमावास्येशी जोडले जाते. पुण्या-मुंबईच्या वाचकांना तो बहुधा माहीत नसेल, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीच्या सुरुवातीला ही अमावास्या येते. २०२४ साली ती ३० डिसेंबरला, सोमवारी आली होती. शेतात ज्वारी पोटऱ्यात किंवा कणसात, हरभरा घाट्यात, करडई अजून हिरवी. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभी करतात, तिला कोप म्हणतात. आत पाच दगड मांडून त्यांना चुना लावतात. ते पाच पांडव. त्यांची आणि लक्ष्मीची पूजा होते, मग आंबील पिकावर शिंपडत शेताला फेरी घालतात. जेवणात भज्जी हवीच. ही तळलेली भजी नव्हे. तुरीचे आणि वालाचे दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, मेथी, चुका, गाजर, कांद्याची पात, जे जे शेतात असेल ते सगळे एकत्र शिजवून बेसन आणि चिंच लावलेले ते कालवण असते. सोबत बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची पोळी, गव्हाची खीर आणि मडक्यातली ताकाची आंबील. जेवण झाल्यावर माणसे घोंगडीवर आडवी होतात. पोरे झाडाला झोके बांधतात. अंधार पडताना काही गावांत गवताचा हेंडगा पेटवून तो शेताभोवती फिरवतात आणि मग घराकडे निघतात.

यातले पुष्कळसे इतर सणांतही सापडेल. येळवशीचे वेगळेपण लातूर शहरात दिसते. त्या दिवशी जिल्हाधिकारी स्थानिक सुटी जाहीर करतात, पण ती नसती तरी फरक पडला नसता. गंजगोलाई, म्हणजे जिथे एरवी पाय ठेवायला जागा नसते ती बाजारपेठ, संचारबंदी लागल्यासारखी ओस पडते. ज्याला शेत आहे तो शेतावर जातो आणि ज्याला नाही त्याला आदल्या दिवसापर्यंत दोन-तीन बोलावणी आलेली असतात. डॉक्टर, वकील, शिंपी, रिक्षावाले सगळेच जातात. आपण दुकान बंद ठेवले तर गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे जाईल, ही धास्ती त्या दिवशी नसते, कारण शेजारी शेतावर आणि गिऱ्हाईकही शेतावर. नांदेडकडे त्याच सुमारास, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला, लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार, कुस्त्या, तमाशाचे फड. म्हणजे वर्षातल्या या दोन दिवसांत आमच्या मुलखाचा बराच भाग कामावरून एकदम उठतो.

या एकदम उठण्यात काय आहे, याचा शोध घेताना मला परदेशातल्या दोन अभ्यासांचा आधार सापडला. अमेरिकेतल्या क्रिस्टोबल यंग आणि चेयून लिम या समाजशास्त्रज्ञांनी २०१४ साली एक निबंध प्रसिद्ध केला. शनिवार-रविवारी नोकरदारांचे मन प्रसन्न होते आणि सोमवारी उतरते, यात नवल नाही. पण बेकारांचेही जवळजवळ तसेच होते, असे त्यांना मोठ्या सर्वेक्षणाच्या आकड्यांत दिसले. बेकाराला तर सातही दिवस रिकामेच. तरीही त्याचा मंगळवार जड जातो आणि रविवार हलका, कारण रविवारी त्याची माणसेही मोकळी असतात. त्यांनी मोकळ्या वेळेची तुलना टेलिफोनशी केली. गावात एकट्याकडेच टेलिफोन असला तर त्याचा उपयोग काय?

दुसरा अभ्यास स्वीडनमधला, टेरी हार्टिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. तिथे कामगारांना उन्हाळ्यात सलग चार आठवडे रजा घेण्याचा कायदेशीर हक्क आहे. १९९३ ते २००५ या काळातल्या नैराश्यावरच्या औषधांच्या दरमहा खपाशी त्यांनी रजेवर असलेल्या कामगारांची संख्या ताडून पाहिली. जितकी जास्त माणसे एकाच वेळी रजेवर, तितका औषधांचा खप कमी. आणि हा परिणाम निवृत्त म्हाताऱ्यांतही दिसला, ज्यांना रजेशी काही देणेघेणे नव्हते. अशा आकड्यांवरून कार्यकारण सिद्ध झाले असे म्हणता येत नाही, हे मलाही कळते. पण लातूरच्या ज्या आजीची मुले-नातवंडे येळवशीला तिच्याभोवती घोंगडीवर बसतात, तिला हे सांगायला स्वीडन लागत नाही.

उलटा प्रयोगही होऊन गेला आहे. १९२९ साली सोव्हिएत रशियाने रविवार रद्द केला. यंत्रे एक दिवसही थांबू नयेत म्हणून कामगारांचे पाच गट पाडले. प्रत्येकाला पाच दिवसांतून एक सुटी मिळाली, पण प्रत्येक गटाची वेगळ्या दिवशी. हिशेबाने पाहिले तर ही सुटी आधीच्या सातात एकपेक्षा जास्तच होती. तरीही लोक वैतागले. नवऱ्याची सुटी एका दिवशी, बायकोची दुसऱ्या, मुलांची शाळा तिसऱ्या. दोन वर्षांत ती पद्धत सोडून सर्वांना सामायिक सुटी असलेला सहा दिवसांचा आठवडा आणावा लागला आणि १९४० साली पुन्हा रविवार आला. आपल्याकडच्या मॉलमध्ये, कॉल सेंटरमध्ये आणि घरपोच जेवण पोचवणाऱ्या पोरांना आज जी 'आठवड्यातून एक, पण कोणतीही' सुटी मिळते, ती याच जातीची आहे.

सामुदायिक सुटी मनावर का लागू पडते, याचे एक उत्तर जर्मनीतल्या संशोधक सबीने सोनेन्टाग यांच्या कामात आहे. २००७ साली त्यांनी शार्लट फ्रिट्झ यांच्याबरोबर थकव्यातून माणूस सावरतो कसा, याची चार अंगे मांडली. कामापासून मनाने सुटणे, शरीर सैलावणे, कामाबाहेरचे काही शिकण्यात-करण्यात रमणे आणि आपल्या वेळेवर आपला ताबा असणे. त्यांपैकी पहिले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. माणूस घरी असतो पण मन दुकानात असते, ही अवस्था आपण सगळे ओळखतो. आमच्या भाषेत सुटी हा शब्द सुटण्याशीच जोडलेला आहे. दुपारी औत सुटते, संध्याकाळी शाळा सुटते. बैलाच्या मानेवरचे जू काढलेले दिसते, माणसाच्या मानेवरचे दिसत नाही, म्हणून ते काढल्याची खात्री पटत नाही. ज्या दिवशी फोन करणाराही सुटलेला असतो, त्याच दिवशी ती पटते. हमाल म्हणाला होता तेच हे.

शरीराचा हिशेब तर याहून रोकडा आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो. हंगामात मोंढ्यातले तास मोजले तर ५५ चा आकडा गुरुवारीच ओलांडला जातो.

येळवशीचे कौतुक करताना एक गोष्ट मात्र झाकता येत नाही. घोंगडीवर आडवे होतात ते बहुतेक पुरुष. भज्जीसाठी दाणे सोलणे दोन दिवस आधी सुरू होते, बाया पहाटे तीनला चूल पेटवतात आणि सगळा स्वयंपाक टोपल्यांत भरून शेतात नेतात. भारत सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ८८. सणाच्या दिवशी पहिला आकडा वाढतो, इतके कुणीही सांगेल.

जुन्या समाजाने बाईचा विसावा अगदीच विसरला होता असे नाही. त्याने तो वेगळ्या ठिकाणी, निषेधाच्या रूपात ठेवला होता. मराठवाड्यात नागपंचमी मोठी. लेकी माहेरी येतात, झोके आणि फेर रंगतात. त्या दिवशी चिरू नये, तळू नये, चुलीवर तवा ठेवू नये. नागाला इजा होते, हे त्याचे सांगितले जाणारे कारण. कारण काहीही असो, विळी आणि तवा दोन्ही बंद झाले की स्वयंपाकघर निम्मे बंद होते, आणि सासूला सुनेला काही म्हणता येत नाही, कारण नियम सासूलाही लागू आहे. 'मी आज दमले आहे' असे म्हणायला जी बाई धजली नसती, तिला 'आज चिरायचे नसते' असे बिनदिक्कत म्हणता येई. आज उकडलेली दिंडे करणे कमी झाले, तवा चढला, आणि त्या दिवसाची ढालही गेली. शिक्षित घरांनी अंधश्रद्धा म्हणून निषेध टाकून दिला, ते ठीकच. त्याच्या जागी बाईला काय दिले, हे मात्र कुणी विचारले नाही.

आता ज्या पिढीमुळे मी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो. लातूरचे राजर्षी शाहू आणि दयानंद ही महाविद्यालये 'लातूर पॅटर्न'मुळे महाराष्ट्रभर माहीत झाली. सराव परीक्षा, उत्तरपत्रिका तपासून लगेच हातात देणे, कच्च्या विषयावर जादा तास, अशी ती शिस्त होती. एका मागास म्हटल्या जाणाऱ्या भागाने तिच्या जोरावर डॉक्टर, इंजिनिअर घडवले, याचा मला अभिमान आहे. पुढे खासगी क्लासचे पेव फुटले. आज लातूरचा ट्यूशन एरिया आणि नांदेडचा भाग्यनगर-बाबानगर परिसर पहाटेपासून रात्रीपर्यंत दप्तरांनी भरलेला असतो. वसतिगृह, मेस आणि अभ्यासिका या तीन ठिकाणी सोळा-सतरा वर्षांचे आयुष्य फिरते. चोवीस तास उघडी अभ्यासिका अशी पाटी आता अभिमानाने लावतात.

या वयाला रात्री आठ ते दहा तास झोप लागते, असे झोपेचे तज्ज्ञ सांगतात. मी ज्या मुलांशी बोललो त्यांच्यातली बरीचशी पाच-साडेपाच तासांवर होती आणि त्याबद्दल त्यांना लाज नव्हे, प्रौढी वाटत होती. गंमत अशी की झोप ही अभ्यासाची शत्रू नाही, हे शंभर वर्षांपूर्वीच दिसले आहे. १९२४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरे पाठ करायला दिली. पाठांतरानंतर झोपल्यावर जितके लक्षात राहिले, तितके तेवढाच वेळ जागे राहिल्यावर राहिले नाही.

ताण असह्य झाला की काय होते, त्याचा एक आकडा देणे भाग आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आहेत आणि राज्यांत महाराष्ट्र सर्वांत वर. त्या सगळ्या क्लासमुळे झाल्या असे म्हणणे चूक ठरेल. सुटी दिली की नैराश्य जाते, असेही कुणी समजू नये. झोप उडाली, जेवण तुटले, जगण्यात अर्थ वाटेना, असे आठवड्यांमागून आठवडे चालले तर तो डॉक्टरकडे जाण्याचा विषय आहे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. हा क्रमांक प्रत्येक अभ्यासिकेच्या भिंतीवर, त्या चोवीस तासांच्या पाटीशेजारी हवा.

शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दिवसाला पाच तासांहून जास्त शिकवणी नको, आठवड्याची सुटी विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांनाही हवी, आणि सुटीच्या दुसऱ्या दिवशी चाचणी घेऊ नये. हे शेवटचे कलम ज्याने लिहिले त्याला सुटी म्हणजे काय ते नेमके कळले होते. सोमवारी पेपर असेल तर रविवार हा अभ्यासाचाच वार, फक्त फळ्याशिवायचा. पण या सूचना आहेत, आणि एक क्लास एकटा त्या पाळायला घाबरतो. आपण रविवार सोडला तर समोरचा सोडणार नाही. गिरणीमालकही हेच म्हणाले असतील.

हिंगोलीकडचा एक मुलगा मला सांगत होता. लातुरात आल्यावर पहिल्याच वर्षी त्याची सकाळी मेसला कुलूप बघून पंचाईत झाली. चहाची टपरी बंद, रस्ता मोकळा. येळवस म्हणजे काय ते त्याला माहीतच नव्हते. बिस्किटाचा पुडाही मिळेना. दुसऱ्या दिवशी चाचणी होती म्हणून तो खोलीवर परत जाऊन पुस्तक उघडून बसला. "सगळं गाव सुटीवर होतं, आन् मी एकटाच कामावर असल्यासारखं वाटलं," तो म्हणाला. घरची आठवण येऊन त्या दिवशी तो पहिल्यांदा रडला.

ट्यूशन एरियातल्या ज्या घरमालकाकडे तो पुढच्या वर्षी राहायला गेला, त्या काकांचे शेत औशाच्या बाजूला आहे. येळवशीला ते खोल्यांतल्या सगळ्या पोरांना टेम्पोत घालून घेऊन जातात. पोरांनी आदल्या संध्याकाळी बसून तुरीच्या शेंगा सोलायच्या, घरातल्या बायांनी नव्हे, आणि शेतात पोचल्यावर मोबाइल कोपीत ठेवायचे, या त्यांच्या दोन अटी आहेत. गेल्या खेपेला एकाने विचारले, "काका, परत किती वाजता?" काका म्हणाले, "हेंडगा पेटल्यावर." आता त्यांच्या गल्लीतल्या आणखी दोन घरमालकांनी येत्या येळवशीसाठी टेम्पो सांगून ठेवला आहे.